चालींची पडताळणी

रविवार, १७ मार्च १९६३ रोजी सकाळी साडेआठ वाजता आमच्या वाचनालयात पडताळणी सुरू झाली. पुस्तकांची पडताळणी आदल्या रविवारी झाली होती आणि चार प्रती सोडता सर्व पुस्तके जागेवर होती. ही पडताळणी मुलांनी रचलेल्या एकतीस चालींची होती. असला प्रकार दुसऱ्या कोणत्या वाचनालयात झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्यावर ती वेळ आली ती ग्रंथपाल भीमराव अथणीकर यांच्यामुळे, आणि काही अंशी माझ्यामुळे.

गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे असा संकेत आहे. तो मला येथे पाळता येणार नाही. अथणीकर मला आवडत नसत आणि मी त्यांना आवडत नसे. सात वर्षे आम्ही एका छपराखाली काम केले. या एका बाबतीत आमचे कधी दुमत झाले नाही.

वाचनालय चिकपेटेत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर होते. दुकान रंगनाथअण्णांचे, तेच आमचे अध्यक्ष. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या बेंगळुरात गेल्या होत्या आणि त्यांच्या मराठीत दर वाक्याला एक कन्नड शब्द सहज येऊन बसे. सभासदांत निम्मे त्यांच्यासारखे जुने, रंगारी, शिंपी, दुकानदार. निम्मे माझ्यासारखे, नोकरीनिमित्त पुण्याकडून आलेले. मी सरकारी कारखान्यात निरीक्षण विभागात होतो. तयार भाग मोजायचा. मापात असेल तर पुढे धाडायचा, नसेल तर लाल रंगाचा पट्टा ओढून बाजूला ठेवायचा. ज्याने भाग केला तो समोर उभा राहून रदबदली करी. मी मापाकडे पाही. वाचनालयाचा चिटणीस म्हणून मला निवडले ते याच गुणासाठी, असे मी समजत होतो.

मी आलो तेव्हा अथणीकर तेथे होतेच. बेळगावकडचे; आडनावाच्या गावाचे की शेजारच्या, हे मी कधी विचारले नाही. उंच, वाळके, डाव्या कानामागे शिसपेन्सिल. डोक्यावर काळी टोपी. ती ते अध्यक्षांसमोर काढत नसत, पाहुण्यांसमोर काढत नसत. रविवारी मुले गाऊ लागली की काढून टेबलावर ठेवत. ही गोष्ट माझ्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

पाने उलटताना बोटाला थुंकी लावणारा वाचक दिसला की ते उठत, त्याच्यासमोर पाण्याची वाटी आणून ठेवत आणि परत जाऊन बसत. तो गृहस्थ पुन्हा तसे करीत नसे. पुष्कळदा पुन्हा येतही नसे. एका वकिलांनी कादंबरीत हळदीचा डाग पाडून आणला. अथणीकरांनी तो पानक्रमांकासह कार्डावर नोंदवला आणि विचारले, “भाजी कसली होती? तेवढं सांगा, रकाना मोकळा राहतोय.” वकिलांनी माझ्याकडे लेखी तक्रार केली. मी ती अथणीकरांकडे पाठवली. ती परत आली. समासात पेन्सिलीने लिहिले होते, “तोंडली.”

दार बंद करताना ते कुलूप दोनदा ओढून पाहत. एकदा आपल्यासाठी, एकदा कमिटीसाठी, असे म्हणत.

मलाही त्यांनी सोडले नाही. चीनच्या युद्धानंतर कारखान्यात जादा पाळ्या सुरू झाल्या होत्या आणि एक पुस्तक परत करायला मला एका दिवसाचा उशीर झाला. त्यांनी पुस्तक घेतले, तारखेचा शिक्का मारला आणि पाचसहा वाचकांच्या देखत भिंतीवरचा नियम वाचून दाखवला: उशीर करणाऱ्यास आठ दिवस पुस्तक मिळणार नाही. मी कोण आहे याची मी त्यांना आठवण दिली.

“कार्डावर तसं काही लिहिलेलं नाही की,” ते म्हणाले. “कार्डावर नुसतं नाव आहे.”

आठ दिवस मला पुस्तक मिळाले नाही. तो नियम मीच केलेला होता.

मुलांच्या चालींचा उद्योग त्यांनी कसा सुरू केला, हेही सांगण्यासारखे आहे. १९५९ साली, मी नुकताच चिटणीस झालो असता, त्यांनी कार्यकारिणीपुढे एक ओळीचा ठराव ठेवला: ‘बालविभागात सभासद मुलांची स्वतःची निर्मिती दाखल करून घ्यावी.’ आम्हांला वाटले, हस्तलिखित मासिक असेल. रंगनाथअण्णा “सरी, सरी” म्हणाले आणि ठराव संमत झाला. पुढच्या रविवारी साडेआठला मी माडी चढून आलो तो वाचनकक्षात नऊ मुले-मुली जमिनीवर बसलेली, मध्ये एक जुनी पेटी, आणि तेरा ते सतरा वयाची ती मुले गात होती. ज्या खोलीत ‘शांतता राखा’ ही पाटी मी स्वतः लावली होती, त्याच खोलीत.

मी ठराव काढून पुन्हा वाचला. प्रत्येक शब्द तपासला. फसवणूक कुठेच सापडली नाही. सापडली असती तर मला इतका राग आला नसता.

नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवले होते. दुसऱ्याची चाल आणू नये. तिघांनी ऐकल्याखेरीज चाल दाखल होणार नाही. दाखल झालेली चाल कोणाही सभासदास घरी नेता येईल. नेणाऱ्याने ती रचणाऱ्याजवळ बसून शिकावी आणि पंधरा दिवसांत परत म्हणून दाखवावी. ग्रंथपालाने स्वतः गाऊ नये.

शेवटच्या नियमाचे कारण मी विचारले होते. ते म्हणाले, आपला गळा वाईट आहे, पण तो चांगला असता तरी हाच नियम केला असता. मोठा माणूस गायला की मुले त्याचीच नक्कल करतात आणि स्वतःचे विसरतात. स्वरलिपीत लिहून का ठेवत नाही, असेही मी विचारले. कागदावर उतरले की मुले ऐकणे सोडतील, हे त्यावरचे उत्तर.

प्रत्येक चालीला ते दाखल क्रमांक देत. निराळ्या वहीत नव्हे. वाचनालयाच्या मुख्य नोंदवहीत, पुस्तकांच्या रांगेत. शेतीवरच्या एका पुस्तकानंतर ‘चाल, भोंग्याची, रचणार माधव’, तिच्याखाली एक नाटक, त्याखाली ‘चाल, नळाची’. पुस्तकासारखे प्रत्येक चालीला कार्ड. मूल चाल घेऊन निघाले की कार्डावर ठक्कन तारखेचा शिक्का. ताल धरायलाही त्यांना तोच शिक्का लागे. कोरा, शाई न लावता, टेबलाच्या कडेवर. त्या कडेला बोटभर खाच पडली होती. ती वाचनालयाच्या मालमत्तेची हानी होती आणि मी तशी नोंद केली.

कशा असत त्या चाली? मी संगीताचा जाणकार नाही. माझ्या घरी कोणी गात नसे. शब्द सामान्य असत. माधवचे वडील माझ्याच कारखान्यात होते. त्याच्या गाण्यात भोंगा होतो, वडील धावत जातात आणि डबा चुलीपाशी राहतो. दुसऱ्या एका मुलाचे गाणे ‘नीर आलं, नीर गेलं, घागर स्वल्प ओली’ असे होते. ही भाषा मराठी नव्हे, असे मी अथणीकरांना सांगितले. ते म्हणाले, “नळ पण मराठी नाही. पाणी येतंय तोवर भरून घ्या.”

मुले त्यांना अण्णा म्हणत, पण मुलांशीही ते गोड नव्हते. एकदा माधव एक चाल घेऊन आला आणि ऐटीत म्हणून बसला. सिनेमातली होती, थोडी इकडची तिकडे केलेली. अथणीकरांनी शेवटपर्यंत ऐकली.

“ही कुणाची?”

“माझी, अण्णा.”

“असं? मग हिला हळूच घरी सोडून ये. आईबाप शोधायला लागले असतील.”

मुले हसली. माधव तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी भोंग्याची चाल घेऊन आला.

या कार्डांमुळे मुलांत एक विचित्र भाषा रूढ झाली. नेलेली चाल परत म्हणताना एखादा स्वर हलला की रचणारा म्हणे, “कोपरा दुमडलाय.” जास्त बिघडली की, “पान फाटलंय, चिकटवून आण.” यावरून भांडणे होत. एका मुलीने आपली चाल एका मुलाला द्यायचे सरळ नाकारले, कारण तो सर्वच चाली ‘डाग पाडून’ आणतो. अथणीकरांनी तिला बजावले की कपाटात आलेली वस्तू एकट्याची राहत नाही. नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले की आधी नळाची ने, ती जाड आहे, फाटायची नाही.

एके सकाळी राजाजीनगरच्या बसथांब्यावर एक अनोळखी मुलगी भोंग्याची चाल गुणगुणत होती. मी चौकशी केली. ती सभासद नव्हती. तिला मावसबहिणीकडून मिळाली होती. हे नियमबाह्य होते. मी कार्यालयात येऊन तशी लेखी सूचना दिली. अथणीकरांनी ती दोनदा वाचली. त्यांना आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. “पत्ता घेतला का तुम्ही?” ते म्हणाले. “सभासद करून घेऊ की तिला.”

मी दर रविवारी साडेआठला येत असे. माझी खोली वाचनकक्षाला लागून होती. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. मी गोंगाटाची नोंद ठेवण्यासाठी येत होतो. किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, दहाला दार उघडले तेव्हा कोण वाचक ताटकळत होता. तीन वर्षांच्या अशा नोंदी माझ्याकडे आहेत.

आता पेटीविषयी. ती कोणीतरी वाचनालयाला दिलेली होती आणि तिची मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी होती. दाबली की खाली जाई, आवाज येत नसे. दुरुस्त करून घ्यावी असे मी तीनदा लेखी कळवले. सदोष वस्तू वापरात ठेवणे मला सहन होत नाही. तिन्ही वेळा एकच उत्तर आले: मुलांचे अडत नाही. ते खरे होते. पेटी माधव वाजवी, आणि मुलांनी नकळत त्या पट्टीला वळसा घालायची सवय लावून घेतली होती. रस्त्यात खड्डा असला की पायवाट जशी बाजूने जाते, तशा सर्व चाली त्या स्वराच्या बाजूने जात.

एक सोडून. ती तुळसाची.

तुळसा रंगाऱ्याची मुलगी, पंधरा वर्षांची, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी. गच्चीवर रंगवलेल्या साड्या वाळत घालायचे काम तिच्याकडे होते आणि गाणेही त्याचेच: तांबडं वाळलं, पिवळं वाळलं, निळं अजून ओलं. दाखल क्रमांक २२१९. त्यातला शेवटचा शब्द ती बरोबर मुक्या पट्टीवर आणून ठेवी. माधवचे बोट पट्टीवर जाई, पेटी गप्प होई, आणि तेवढा एक स्वर मुलगी एकटीने धरी. जितका वेळ धरायचा तितका धरी. मग पेटी पुन्हा येई.

माधव तिला म्हणाला होता की खाली उतर, तिथे पेटी बोलते. ती म्हणाली, “बोलू दे की तिला नंतर. इथे मी बोलते.” हे मी फळ्यांपलीकडून ऐकले.

त्याच सुमारास एका रविवारी मी पत्रांवर सह्या करीत होतो. पलीकडे तिचे गाणे चालू होते. पेटी गप्प झाली. काही क्षणांनी माझ्या ध्यानात आले की माझे पेनही थांबले आहे, सहीच्या मध्यावर. पेटी सुरू झाली तेव्हा मी सही पुरी केली. मान वर केली तो दारात अथणीकर फाइल घेऊन उभे होते. ते फाइल ठेवून गेले. माणूस बोलला असता तर मला उत्तर देता आले असते.

पुढच्या महिन्यात मी पालकांना पत्र धाडले. रविवारचे गायन हा वाचनालयाचा शिकवणीवर्ग नाही. मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, जाण्यायेण्याची जबाबदारी वाचनालय घेत नाही. पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता. दोन मुली यायच्या बंद झाल्या. त्यांतली एक तुळसा. सहा महिन्यांनी तिचे लग्न झाले आणि ती हुबळीस गेली. अथणीकरांनी पत्राविषयी मला एवढेच विचारले की त्याची प्रत दफ्तरी लावायची आहे का. मी हो म्हणालो. त्यांनी लावली.

१९६३च्या फेब्रुवारीत मी कार्यकारिणीपुढे मुद्दा मांडला. मुख्य नोंदवहीत एकतीस क्रमांक असे आहेत ज्यांच्यासमोर कपाटात काहीच नाही. याला कोणतेही वाचनालय खोट्या नोंदी म्हणेल. अथणीकर भिंतीशी उभे होते. त्यांना खुर्ची दिली तरी ते सभेत बसत नसत.

“पडताळून बघा,” ते म्हणाले. “पुस्तकं मोजता तशी मोजा.”

“आणि एखादी सापडली नाही तर?”

“तर रविवार बंद करा.”

रंगनाथअण्णा घाबरले. इतके ताणू नका, पुस्तके चार गेली तर आपण वाचनालय बंद करतो का, असे ते म्हणाले. अथणीकरांनी ऐकले नाही. पुस्तक गेले तर दुसरी प्रत विकत मिळते, याची मिळत नाही, तेव्हा एकही जाता कामा नये, हे त्यांचे म्हणणे. मी अट लेखी घेतली. एक शर्त माझ्याकडून घातली: चाल कोणाही सभासदाने म्हणून दाखवावी, ग्रंथपाल सोडून. ती त्यांनी लगेच मान्य केली. त्यांचाच नियम होता.

तर त्या रविवारी साडेआठला आम्ही बसलो. टेबलाच्या एका बाजूस रंगनाथअण्णा आणि मी, नोंदवही माझ्यापुढे. दुसऱ्या बाजूस अथणीकर, टोपी टेबलावर. खाली अकरा मुले. जुन्यांपैकी एकटा माधव होता. बाकीचे जुने परीक्षांना, नोकऱ्यांना, सासरी गेले होते. परंतु चाली गेल्या नव्हत्या. जाणारा आपली चाल कोणाला तरी देऊन गेला होता. मी क्रमांक वाचत होतो, कोणी उठत होते, म्हणत होते, बाकीचे माना हलवत होते आणि मी बरोबरची खूण करीत होतो. नळाची आली. भोंग्याची आली, ती चार मुलांना येत होती आणि चौघे एकदम उठले. रंगनाथअण्णांनी डोळे मिटून घेतले होते आणि अधूनमधून “भेष, भेष” म्हणत होते. पडताळणीत असे म्हणायचे नसते.

साडेनऊपर्यंत तीस क्रमांक झाले. २२१९ मी मुद्दाम मागे ठेवला होता.

माधव उठला नाही. पेटीवर बसल्याबसल्याच म्हणू लागला. तुळसाने जाण्यापूर्वी ती त्याला दिली होती. दीड वर्षात त्याचा आवाज फुटला होता. तांबडे वाळले, पिवळे वाळले. मग शेवटच्या शब्दाला तो एक घर खाली उतरला, जिथे पेटी बोलते तिथे, आणि पेटी बोलली. मुलांनी माना हलवल्या. त्यांना ती अशीच ठाऊक होती. माधवलाही ती अशीच ठाऊक झाली होती; त्याने फसवले नाही. रोजच्या वळशाने त्याचे बोट तिकडून गेले, एवढेच.

“सरी,” रंगनाथअण्णा म्हणाले. “एकतीस झाल्या. आता कॉफी मागवा कुणीतरी.”

मी खूण करण्यासाठी पेन टेकवले नव्हते.

“ही नव्हे,” अथणीकर म्हणाले.

रंगनाथअण्णांना वाटले, अथणीकरांची काही गफलत झाली. “अथणीकर, मुलगा म्हणाला की. छान म्हणाला.”

“छान म्हणाला. पण ही ती नव्हे. शेवट असा नाही.”

माधव त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने पेटीकडे पाहिले. त्याला आठवले असावे, कारण त्याने मुकी पट्टी दाबली, गळा लावला, आणि गळा फुटला. पुन्हा लावला. स्वर सापडला नाही. पेटी सांगणार नव्हती आणि त्याला आतून येत नव्हता. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही.

“तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं,” रंगनाथअण्णा हळू आवाजात अथणीकरांना म्हणाले. “कुणाला कळलं असतं?”

“दोघांना,” अथणीकर म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते. रजासुद्धा ते कळवत, मागत नसत.

“चिटणीस, तुम्ही सभासद आहात. तुमचं कार्ड आहे. तुम्हांला ती येते.”

मुले माझ्याकडे पाहू लागली. शर्त स्पष्ट होती: कोणाही सभासदाने, ग्रंथपाल सोडून. ती मीच लिहिली होती. गळा चांगला असावा असे तिच्यात म्हटले नव्हते. एक शब्द, एक स्वर. तो कुठे आहे आणि किती वेळ धरायचा हे मला माझ्या घराच्या दारासारखे ठाऊक होते. आजही आहे.

“मी ऐकत नव्हतो,” मी म्हणालो.

कारखान्यात एकतीस वर्षे आणि वाचनालयात नऊ वर्षे मी शेरे दिले. कडक दिले, त्यांमुळे माणसांचे नुकसान झाले आणि त्याचे मला दुःख नाही, कारण ते शेरे खरे होते. हा एक तसा नव्हता.

अथणीकरांनी आग्रह केला नाही. ते माझ्याकडे आणखी काही वेळ पाहत राहिले. पेटी गप्प झाली असता मुलगी स्वर धरी, साधारण तेवढा वेळ. मग म्हणाले, “लिहा.”

रंगनाथअण्णा म्हणू लागले की तीस आहेत, एक गेली तर गेली, पोरांचा हिरमोड कशाला करायचा. अथणीकरांनीच त्यांना थांबवले. एक म्हणजे एक, असे ठरले होते. मी २२१९ समोर ‘गहाळ’ लिहिले आणि सही केली. या वेळी पेन मध्ये थांबले नाही. अथणीकरांनी टिपकागद घेऊन शाई टिपली आणि टोपी डोक्यावर घातली.

मुलांपुढे त्यांनी भाषण केले नाही. कार्डांचा गठ्ठा काढला आणि ज्याच्या त्याच्या हातात ज्याच्या त्याच्या चालीचे कार्ड दिले. आता कपाटात ठेवता येणार नाहीत, तुमच्याजवळ असू द्यात, कुणी मागितली तर द्या, असे सांगितले. माधवने कार्ड घेतले नाही. तो म्हणाला, “अण्णा, मी हुबळीला जाऊन शिकून येतो.”

“ये की,” ते म्हणाले. “शीक आणि तिथेच कुणाला तरी देऊन ये. इथे आता दाखल होत नाही.”

ते ग्रंथपाल म्हणून आणखी तीन वर्षे राहिले. काम चोख होते. माझ्याशी कामापुरते बोलत. पूर्वीही तसेच बोलत असत, त्यामुळे फरक दाखवणे कठीण आहे. पुढे गावी गेले. दोन वर्षांनी त्यांच्या पुतण्याचे कार्ड आले, त्यात चार ओळी होत्या. मी ते सभेत वाचून दाखवले. रंगनाथअण्णांनी दोन मिनिटे उभे राहण्याची सूचना मांडली. आम्ही उभे राहिलो. अथणीकर माझ्याविषयी काय म्हणत असतील याचा मी अंदाज करीत नाही. आपला रविवार एका स्वरासाठी घालवणाऱ्या माणसाला मी आजही हट्टी आणि अव्यवहारी म्हणतो. परंतु तपासणीच्या कामात आम्हां दोघांत निरीक्षक कोण होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

त्या रविवारचे थोडे उरले आहे. मुले गेली. दहाला दार उघडले, वाचक आले, देवघेव झाली. बाराला वाचनालय बंद होई. पावणेबाराला अथणीकर माझ्या खोलीत दुरुस्तीच्या कामांची चिठ्ठी घेऊन आले. वाचनकक्षातल्या बाकाचा पाय हलतो. जिन्यातल्या दिव्याची तार तुटली आहे. तिसरी ओळ त्याच अक्षरात, त्याच शाईत होती: पेटीची मुकी पट्टी दुरुस्त करून घ्यावी.

मी तिन्ही ओळींसमोर ‘मंजूर’ लिहिले. त्यांनी चिठ्ठी दफ्तरी लावली, वर्तमानपत्रे घडी घालून फळीवर ठेवली, खिडक्यांना कड्या घातल्या. मी जिन्यात उभा होतो. ते बाहेर आले आणि त्यांनी दाराला कुलूप लावले. त्या दिवशी त्यांनी ते एकदाच ओढून पाहिले.